कुंपणाआतली येळवस

येळवसेला आमच्या भागात गावात माणूस सापडत नाही. कॅलेंडरात तिला वेळा अमावस्या म्हणतात. मार्गशीर्षाच्या शेवटी येते. ज्वारी पोटऱ्यात असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, आणि सगळं गाव दाराला कडी लावून रानात जातं. रानात कडब्याची कोप करायची, कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि जेवायचं. भज्जी, ताकातली आंबिल, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याला रान नाही त्याला रानवाल्यानं बोलवायचं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी मोटारसायकलवाल्यालासुद्धा हात करून थांबवायचं आणि आंबिल पाजल्याशिवाय सोडायचं नाही. त्या दिवशी आमच्याकडं कुणी उपाशी राहत नाही. पण बोलावणारा कोण आणि बोलावलेला कोण, हे त्या दिवशी बरोबर कळतं.

आमचं घर बोलावणाऱ्यांतलं होतं. रान काही मोठं नव्हतं, माळाचं, मुरमाड, पाऊस चुकला की ज्वारी गुडघ्याएवढी राहायची. पण ते वाटेवर होतं. शाळेचे मास्तर, एस.टी.चा ड्रायव्हर, दवाखान्यातली नर्सबाई, सगळे आमच्याच कोपीत जेवून गेलेले. आई आदल्या दिवशी दुपारपासून भाज्या निवडायला बसायची. चिंचेचा कोळ, डाळीचं पीठ, ओल्या तुरीचे दाणे, शेंगदाणे, मिळेल ती पालेभाजी, असं सगळं भज्जीसाठी एका पातेल्यात रटरटायचं. ते पातेलं उचलायला दोघं लागायचे. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मातीची घागर, मात्र ती कुणाला उचलू द्यायची नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बिंदगं आणि गावापासून रानापर्यंत ताठ मान. वडील गेले त्या वर्षीसुद्धा तिनं लोकांना जेवू घातलं. माणूस गेलं म्हणून रान उपाशी ठेवायचं नसतं, म्हणाली.

ते रान आता सौरऊर्जेला दिलेलं आहे. सगळं. बांधापासून बांधापर्यंत निळ्या काचा आहेत आणि भोवती तारेच्या जाळीचं कुंपण.

द्यायचं असं मीच म्हटलं. आजही म्हणेन. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. उमरग्याला एस.टी.नं जाऊन येऊन बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन, आणि जागा मिळेल तिथं उभ्यानं अभ्यास केला. त्यामुळं कंपनीचे लोक पहिल्यांदा गावात आले आणि बाकीचे खुर्चीवर बसून नुसती मान हलवत होते, तेव्हा प्रश्न मी विचारले. जमीन विकायची नाही, भाड्यानं द्यायची, हे मी पक्कं करून घेतलं. पुण्याकडं कारखान्यात असलेल्या भावाला फोनवर समजावलं. तो म्हणाला, तुला कळतंय तर कर.

मला कळत होतं. दरवर्षी दिवाळीच्या मागंपुढं जगातले सगळे देश कुठल्यातरी शहरात जमतात आणि कोळसा कधी सोडायचा यावर पंधरा-पंधरा दिवस भांडतात, ते मी मोबाइलवर बघायचे. अजूनही बघते. शेवटच्या रात्री डोळे सुजलेली माणसं एकेका शब्दावरून अडून बसलेली असतात. श्रीमंत देश म्हणतात तुम्ही आधी, गरीब म्हणतात धूर तुम्ही केला. आमच्या गावातल्या बांधाच्या भांडणापेक्षा त्यात फार वेगळं काही नाही, फक्त कपडे चांगले असतात. पण त्या भांडणातून जे थोडंफार ठरतं, त्याचं एक टोक दिल्लीला येतं, तिथून मुंबईला, आणि तिथून आमच्या मुरमाड रानापर्यंत आलं. ते मला आपल्या दारात आलेलं मोठं काम वाटलं. कोळसा नाही, धूर नाही, आणि शेजारच्या रानांना दिवसा लाईट. आधी आमच्याकडं शेतीची लाईट रात्री यायची. माणसं अंधारात बॅटरी घेऊन पाणी धरायला जायची, साप चावायचा, विहिरीत पाय घसरायचा. आता दुपारी मोटर चालते. आमच्या काचांवर पडलेलं ऊन तारेनं उपकेंद्रात जातं आणि तिथून शेजारच्या विहिरीत उतरतं. ही फुकाची बढाई नव्हे, डोळ्यांनी बघितलेली गोष्ट आहे.

आई एका गोष्टीवर अडली होती. ती म्हणाली, "रान दे, पर येळवस कुठं करायची ते सांग."

मी म्हटलं, तात्यांच्या रानात करू. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून. मशीन यायच्या आदल्या दिवशी आई एकटी रानात गेली, कडुलिंबाच्या बुडातले पांडवांचे पाच दगड पदरात घालून घरी आणले आणि तुळशीजवळ ठेवले. लिंब नंतर तोडला. सावली पडते म्हणून.

पहिल्या वर्षी आम्ही तात्यांच्या कोपीत गेलो. आईनं सवयीनं बिंदगं भरून डोक्यावर घेतलं होतं. तिथं त्यांच्या सुनांनी सगळं मांडून ठेवलेलं. आई पळी घेऊन वाढायला उठली तर थोरल्या सुनेनं तिचा हात धरला, चांगल्या मनानं, आणि म्हणाली, तुम्ही बसा, आज आम्ही वाढतो. तात्यांना चेष्टा केल्याशिवाय राहवत नाही. ते म्हणाले, "वयनी, आता तुमी पाव्हण्या. पाव्हण्यानं पळीला हात लावू न्हाय."

सगळे हसले. आईपण हसली. पण तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि पोट भरलं म्हणाली. आमचं भरलेलं बिंदगं तसंच घरी परत आलं. येताना ते तिनं डोक्यावर नाही घेतलं, काखेत घेतलं.

दुसऱ्या वर्षी ती गेलीच नाही. तात्यांची सून बोलवायला आली, ते स्वतः आले, तर म्हणाली गुडघा धरलाय. मी कामावर होते. दुपारी तासाभराची सुट्टी घेऊन घरी आले. भूकंपानंतर आमचं गाव नव्यानं वसवलं, सरळ रेषेत, रुंद रस्ते, घराला घर लागून नाही. एरवी ते बरं वाटतं. पण येळवसेच्या दुपारी त्या रस्त्यांवरून चालताना आपल्याच चपलेचा आवाज मागून येतो. सगळीकडं कुलपं. शेळ्यासुद्धा रानात नेलेल्या. आई ओट्यावर बसली होती, समोर ताटलीत सकाळची भाकरी आणि चटणी. मला बघून म्हणाली, कुत्रीबी गेली बघ.

तिला एवढंच पाहिजे होतं, आपल्या रानात पांडव मांडून आपल्या हातानं जेवू घालणं. पुन्हा एकदा तरी. तिनं ते कधी तोंडानं म्हटलं नाही, पण घरात दोनच माणसं असली की न बोललेलंही मोठ्यानं ऐकू येतं.

तोवर मी त्याच प्लांटवर ऑपरेटर झाले होते. जागा निघाली, मी अर्ज केला, मिळाली. आपल्याच रानात पगारी नोकर, असं गावात काहीजण म्हणाले. म्हणोत. काम काय, तर सकाळी उजाडलं की आकडे बघायचे, काचा धुणाऱ्या बायका आठवड्याला येतात त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, कुठं तार निसटली, कुठं कुत्रं शिरलं ते बघायचं. एक वॉचमन, एक मी. इंजिनिअर सोलापूरला असतो, फोनवर.

त्या कामातला एकटेपणा मला कुणाला सांगता आलेला नाही. रानात एकटं असणं मला नवीन नव्हतं. लहानपणी पाखरं राखायला दिवस दिवस बसलेली आहे. पण तेव्हा ज्वारी हलायची, कुणी बांधावरून हाळी द्यायचं, वाटसरू पाणी मागायचा. आता ओळीच्या ओळी काचा, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून बसलेल्या. आणि त्यांत मी एकटी उलट तोंडाची. इन्व्हर्टरची गुणगुण दिवसभर. कुंपणामुळं वाटसरूची वाट मोडली, तो आता लांबून वळसा घालून जातो. कधी कधी मी दुपारी उगाच गेटपर्यंत जाऊन येते, कुणी दिसतं का बघायला. माझ्या वयाच्या मैत्रिणी लग्न होऊन गेल्या. मला जी स्थळं आली त्यांना बी.एस्सी. जास्त वाटलं आणि मला ती स्थळं कमी वाटली. तो हिशेब मिटला.

तिसऱ्या वर्षी येळवसेच्या आधी मी इंजिनिअरला फोन केला. पोरगा चांगला आहे, बाहेरच्या राज्यातला, मराठी समजतं पण बोलताना हिंदीवर येतो. मी सांगितलं, आमच्या आईला आत कोप घालून पूजा करायची आहे. कोप म्हणजे काय, त्यानं विचारलं. वाळलेल्या कडब्याची खोप, म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, आप ही बताइए, सूखा कडबा और नीचे केबल. तो बरोबर होता. त्याच्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं. शेवटी त्यानं वरच्या साहेबाला विचारून परवानगी आणली. पूजा चालेल. कोप नाही, विस्तव नाही. आत फक्त दोघी, मी आणि आई, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. बाहेरचं कुणी आत नाही.

मी आईला सगळं सांगितलं. दोघीच, हे दोनदा सांगितलं. तिनं ऐकलं आणि आदल्या दिवशी मोठं पातेलं काढलं.

मी म्हटलं, आई, दोघींना एवढं कशाला?

ती शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, "दोघींची भज्जी होतीय व्हय कुठं? चवच यायची न्हाय."

वॉचमन दोन दिवस माझ्या मागंपुढं घुटमळत होता. त्याला त्याच्या रानात जायचं होतं, पण सुट्टी मागवत नव्हती. मीच म्हटलं, जा. मला काही दुसरीकडं जायचं नाही, मी गेट बघते. एक जण हवाच असतो.

येळवसेच्या सकाळी आई बिंदगं डोक्यावर घेऊन निघाली, दोन वर्षांनी. मी मागं पातेलं मोटारसायकलला बांधून, हळूहळू. वाटेत लोक विचारायचे, काकू कुणीकडं? आई म्हणायची, आमच्या रानात. हे ती जरा मोठ्यानं म्हणायची.

गेटवर मी पिवळं हेल्मेट तिच्या पुढं धरलं. तिनं आधी पदर नीट केला, मग त्यावर ते चढवून घेतलं आणि मला म्हणाली, "बांध की पट्टा. ह्या वयात बाशिंग बांधलंस मला." मग स्वतःच हसली. बिंदगं मात्र आता डोक्यावर राहीना. ते मी हातात घेतलं.

ती ओळींमधून चालत लिंबाच्या जागेवर गेली. मला ती जागा सापडली नसती. सगळीकडं सारखी खडी, सारखे लोखंडी पाय, काही खूण नाही. ती इकडं तिकडं बघत होती, काचांकडं नव्हे, लांबच्या टेकाडाकडं, तात्यांच्या विहिरीकडं, उपकेंद्राच्या खांबाकडं. मग एका जागी बसली आणि हातानं खडी बाजूला करायला लागली. मी मदतीला वाकले तर नको म्हणाली. खडीखाली माती लागली. काचा धुतलेलं पाणी तिथं ठिबकत असणार, ओल होती. तिनं चिमूटभर माती बोटांत चोळली. "अजून जित्ती हाय," म्हणाली.

पाच दगड मांडले, चुना-काव लावला, हळदीकुंकू वाहिलं. दिवा लावायचा नव्हता. तिनं वातीला तेल लावून ती नुसतीच ठेवली. नैवेद्य दाखवला. डोक्यावर निळ्या काचेची सावली, बाजूला गुणगुण. मला त्या क्षणी वाटलं, जमलं. तिचं झालं.

पण मग तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि उठून कुंपणाकडं गेली. पलीकडं तात्यांच्या रानात कोप उभी होती, पोरं हरभऱ्याचे ढाळे उपटत होती, बायका पानं मांडत होत्या. आईनं जाळीला हात लावून हाळी दिली, जेवायला या म्हणून. जशी पूर्वी द्यायची तशीच, लांबवर जाणारी. तात्या आले, सुना आल्या, पोरं आली. सगळे जाळीच्या त्या अंगाला उभे. आई ह्या अंगाला, हेल्मेट घालून, हातात भज्जीची वाटी. जाळीची भोकं बोटभर. वाटी जात नव्हती. तिनं वाटी वाकडी करून बघितली, भाकरीची गुंडाळी करून बघितली. कुंपण माणसाच्या वर उंच आणि माथ्यावर काटेरी तार. गेट पार त्या टोकाला, आणि गेटातून कुणाला घ्यायचं नाही, हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

तात्या म्हणाले, "वयनी, जेलात भेटायला आल्यावानी वाटतंय बघा. आत कोन हाय ते तेवढं कळंना."

कुणी हसलं नाही फारसं. मग त्यांचाच आवाज उतरला. ते म्हणाले, "इकडं या की. आमचं काय खाताय, तुमच्या रानातली लाईट पिऊन वाढलेला गहू हाय ह्यो."

आई वाटी घेऊन परत आली. पांडवांपुढं बसली. मी म्हटलं, आई, मी घेते थोडी, तू पण घे, दोघी जेवू. ती ऐकत नव्हती. बराच वेळ ती त्या उघड्या केलेल्या ओल्या मातीकडं बघत होती. मग बिंदगं ओढून घेतलं आणि उठली. आमच्याकडं पूजेनंतर रानाला आंबिल शिंपायची रीत आहे. पळीपळीनं, बांधाच्या कडेनं, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत. कानडीतून आलेले शब्द, अर्थ कुणालाच माहीत नाही. रीत म्हणून चार थेंब पडले तरी चालतात. आईनं चार थेंब नाही शिंपले. ती कुंपणाच्या आतून पूर्ण फेरी मारून आली, पळी भरून भरून, बिंदगं रिकामं होईपर्यंत. मग भज्जी घेतली, उंडे घेतले, खीर घेतली आणि एकेका ओळीत खडी बाजूला करून मातीत ठेवत गेली. माणसाला वाढावं तसं. मी मागं मागं पातेलं खडीवरून ओढत चालत होते. तिच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट वाकायचं, वर यायचं. ती कुणाशी तरी बोलत होती, हळू. मला वाटतं रानाशी. मला काही ऐकू आलं नाही, गुणगुण होती.

शेवटी पातेल्यात तळाला थोडं राहिलं. तिनं हात धुतले. हेल्मेटचा पट्टा स्वतःच सोडला आणि माझ्या हातात दिलं.

"रानाला जेवू घातलं," ती म्हणाली. "आता मला कुणीबी वाढू दे."

आणि निघाली. मी गेट उघडलं. ती कुंपणाच्या कडेकडेनं चालत पार त्या टोकाला वळून तात्यांच्या रानात गेली, रिकाम्या हातानं. तात्यांच्या थोरल्या सुनेनं तिच्यासाठी घोंगडी झटकली. ती मांडी घालून बसली. मी जाळीतून बघत होते. तिनं पहिली भाकरी संपवली आणि दुसरीला हात पुढं केला. कुणी काही बोललं, ती मान मागं टाकून हसली. तिचं हसणं मला त्या अंतरावरून दिसलं, ऐकू आलं नाही.

तात्यांनी मलाही हाक मारली, ये म्हणाले, सूर्य काय कुठं पळून जात न्हाय. मी ओरडून सांगितलं, वॉचमन नाही, गेट सोडता येत नाही. ते खरंच होतं. आणि ते खरं आहे याचं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. आईला जे जमलं ते मला जमलं नसतं. रानाला मी काहीच वाढलं नव्हतं, मी फक्त ते चालवत होते.

मी ऑफिसच्या पायरीवर बसून पातेल्यातलं उरलेलं खाल्लं. भज्जी चांगली झाली होती. दुपारी इंजिनिअरचा फोन आला. आज ऊन स्वच्छ आहे, आकडा चांगला दिसतोय, म्हणाला. पूजा हो गई? मी म्हटलं, झाली. माताजी खूश? म्हटलं, हो. चारी बाजूंच्या रानांतून दिवसभर हाळ्या येत होत्या. एक रान हाळी द्यायचं, दुसरं उत्तर द्यायचं. हाळी आमच्या कुंपणापर्यंत यायची आणि वरून पलीकडच्या रानात जायची.

दिवस कलला तशी माणसं गावाकडं निघाली. आई तात्यांच्या टेम्पोत मागं बायकांत बसली होती. टेम्पो गेटवरून गेला तेव्हा तिनं हात केला. सूर्य टेकाडाच्या खाली गेला की इन्व्हर्टर आपोआप थांबतात. ते थांबले. त्यानंतरची शांतता रोजचीच आहे, पण रोज पलीकडं कुणीतरी बैल हाकत असतो. त्या दिवशी कुणीच नव्हतं.

वॉचमन ठरल्यापेक्षा लवकर आला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, पांढरट, झाकणातून थोडी गळत. "मॅडम, आमच्या रानातली हाय," म्हणाला. मी म्हटलं, अरे, आमच्या घरी केली होती भरपूर. त्यानं बाटली टेबलावर ठेवली, माझ्या हातातून चाव्या घेतल्या आणि फेरीला गेला.

मी उभ्यानंच झाकण उघडलं. त्यांची आंबिल आमच्यापेक्षा आंबट असते. लसूणही जास्त. मी सगळी प्यायले.